भिजणारी जमीनही मरते!

‘वाळवंटीकरण’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? राजस्थान, उंट, वाळूच्या टेकड्या. मग भिवंडीकरांचा काय संबंध? आपल्याकडे तर एक जोरदार सर आली की बाजारपेठेत गुडघाभर पाणी!

थांबा, आधी एक आकडा बघा. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या नकाशासंग्रहानुसार देशातल्या २९.७७ टक्के जमिनीचा कस २०१८-१९ पर्यंत घसरला होता. एवढं वाळवंट भारतात आहे तरी कुठे? नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत कोरड्या भागातल्या ऱ्हासाला ‘वाळवंटीकरण’ म्हणतात, पण जमीन ओल्या प्रदेशातही मरते. फक्त कारण बदलतं.

साताऱ्यातला माण तालुका घ्या. पाऊस कमी, माळ उघडे. जो पाऊस पडतो तो वरची माती घेऊन जातो. तिथून खाली कृष्णाकाठच्या शिरोळला या. इथे उलटा प्रकार! उसाला वारेमाप पाणी दिलं, निचरा झाला नाही, जमिनीतले क्षार वर आले आणि शिवारं पांढरी पडली.

आता आपली भिवंडी. झाडं तुटलेल्या डोंगरांवरची माती पावसात वाहून जाते. खाडीकाठी बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं. आणि तिसरं कारण रोज आपल्या समोरच असतं. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या पट्ट्यात भाताच्या खाचरांवर भराव पडला, त्यावर गोडाऊन उभी राहिली. पाणी धरून ठेवणारी खाचरंच गेली, मग पाणी वस्तीत येणारच ना!

शेतकऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण वर्षाला भाताचं एक पीक आणि दरमहा येणारं भाडं, यात कुणीही काय निवडेल? आपल्यातल्या कित्येकांची कॉलेजची फी याच भाड्यातून किंवा गोडाऊनमधल्या पगारातून भरली जाते.

तरीही एक फरक विसरू नका. माणमधल्या गावांनी श्रमदानाने बांध घातले, माती अडवली. शिरोळमध्ये जमिनीखाली पाइप टाकून क्षारपड शिवारं पुन्हा पिकाखाली आणली. खारं पाणीही बांध नीट बांधला तर थांबतं. काँक्रीटखाली गेलेलं खाचर मात्र परत येत नाही. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

म्हणून घरात जमिनीचा विषय निघाला की मोबाइल बाजूला ठेवा आणि चर्चेत बसा. भाव किती आला, हे सगळेच विचारतील. पावसाचं पाणी मग जाणार कुठे, हे तुम्ही विचारा.