नव्या बापाला ईदला काय द्याल?

रमजानचा शेवटचा आशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, सुरू झाले की हडपसरच्या गाडीतळापासून सय्यदनगरपर्यंत ईदच्या खरेदीला जोर येतो. ज्या घरात यंदा पाळणा हलला, तिथली यादी अधिकच लांब असते. बाळाला झबली-टोपडी, चांदीचे वाळे. बाळंतिणीला नवा जोड, डिंकाचे लाडू. बाळाच्या बापाच्या वाट्याला मात्र अत्तराची कुपी आणि ‘मिठाई कधी देतोस?’ हा प्रश्न येतो.

या बापाचे दिवस कसे जातात? हडपसरमधले कितीतरी तरुण सोलापूर, मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेले. कोणी मगरपट्ट्यात रात्रपाळी करतो, कोणी कारखान्यात, कोणी रिक्षावर. चिल्ला, म्हणजे बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस, आटोपून पत्नी माहेरून परत येते. दादी-नानी गावीच राहतात. मग रात्रभर रडणारे बाळ, पहाटे सहरी, दिवसभर रोजा आणि काम. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या वडिलांना १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला अशी रजा देण्याचे बंधन कायद्यात नाही.

तेव्हा भेट निवडताना आधी त्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. पुरुषाला सोने आणि रेशीम वर्ज्य असल्याने सोन्याची अंगठी, साखळी बादच. जरीचा कुर्ता रुबाबदार दिसतो, पण बाळाच्या गालाला टोचतो. त्यापेक्षा रोज धुता येईल असा मऊ सुती कुर्ता बरा. बाळ छातीशी बांधून घेण्याची झोळी दिली, तर त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. बाळ मोठे होईल तसे ते दुचाकीवर बसणारच. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा बांधावा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट घालावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा, असा नियम २०२३ पासून लागू आहे. सोलापूर रस्त्यावरची वर्दळ रोज पाहणाऱ्यांना या पट्ट्याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र भेट एवढी भारी नसावी, की परतफेडीच्या काळजीने त्याची झोप उडावी. पैशांची ओढ असेल, तर मित्रांनी मिळून बाळाच्या लसीकरणाचा किंवा औषधांचा खर्च उचलावा. तेही जमत नसेल, तर ईदच्या दुपारी शीरखुर्मा झाल्यावर दोन तास बाळ सांभाळावे. दोघांना शांत झोप मिळेल.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक भेट बिनखर्चात देता येते. मुलाने लंगोट बदलला, बाळाला थोपटून निजवले, की ‘जोरू का गुलाम’ म्हणून हसायची रीत अनेक घरांत आहे. त्या एका वाक्याने तरुण हात आखडता घेतो आणि सगळा भार एकट्या आईवर पडतो. प्रेषित मुहम्मद (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज अदा करीत. घरातल्या कामांत ते घरच्यांना हातभार लावत, असे हजरत आयेशा यांनी सांगितले आहे. आपल्या दहा मुलांपैकी एकाचेही कधी चुंबन घेतले नाही, असे एकाने सांगितले, तेव्हा जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, असे प्रेषितांनी त्याला सुनावले होते.

जिथे या गोष्टी दरवर्षी बयानात ऐकल्या जातात, तिथे बाळ कडेवर घेतलेल्या बापाला हसण्याचे कारण काय? ईदगाहवरून परतल्यावर त्याला गळामिठी मारताना ‘तू बाळाचं फार चांगलं करतोस, बेटा’ एवढे वडिलांनी म्हणावे. ही ईदी त्याला जन्मभर पुरेल.