रंग पक्का, पण उजेडात किती?

साडीच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: ‘रंग पक्का आहे ना?’ दुकानदार मान डोलावतो ती धुलाईचा विचार करून. वस्तुसंग्रहालयात मात्र पाण्यापेक्षा उजेडाची धास्ती मोठी. म्हणूनच वाशी-पनवेलहून मुलांना घेऊन मुंबईच्या एखाद्या वस्त्रदालनात गेलेल्या पालकांना ते हमखास अंधारे वाटते.

छापील स्कार्फांचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये वस्त्रनिर्माते झिका आशर यांनी हेन्री मूर, मातीस अशा कलावंतांची चित्रे चौकोनी स्कार्फांवर छापून घेतली. त्यांतले काही आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. तंत्र स्क्रीन छपाईचे. खारघरच्या निफ्टमध्ये टेक्स्टाइल डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ते परिचयाचे असते: प्रत्येक रंगाची वेगळी चौकट, जाळीतून दाबलेली रंगाची खळ, मग वाळवणे, वाफ देणे, धुणे.

रेशमावरच्या छपाईची खरी गंमत वाफेत आहे. खळीत कोंडलेला रंग ओलाव्याने सुटा होतो आणि धाग्यात शिरतो. रेशीम हे प्रथिन. आम्लात त्याच्या अमिनो गटांवर धनभार येतो, रंगाच्या रेणूवरच्या सल्फोनेट गटांवर ऋणभार असतो, आणि दोघे एकमेकांना धरून बसतात. अशा रंगांना आम्लरंग म्हणतात. रेशमावरची ती झळाळी सुती कापडावर त्यांना साधत नाही, कारण तिथे धरायला हे गटच नसतात.

पण धाग्याला घट्ट धरलेला रेणूही प्रकाशाने मोडतो. मोडला की रंग गेला. तो परत येत नाही. रंग म्हणजे जणू अशी ठेव, जिच्यातून फक्त काढता येते, भर घालता येत नाही. जपणूक करणारे हा खर्च लक्स-तासांत, म्हणजे उजेडाची तीव्रता (लक्स) गुणिले तास असा, मोजतात. कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही, हा जगभरचा सर्वसाधारण दंडक. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १,२०,००० लक्स-तास होतात. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्सचे. म्हणजे दालनातला अख्ख्या वर्षाचा खर्च गच्चीवर सव्वा तासात उरकतो! उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा वेगळाच. त्याने रेशीम पिवळे पडते, ठिसूळ होते.

सगळे रंग सारखे नाजूक नसतात. हळदीचा पिवळा पाहता पाहता विटतो. काही कृत्रिम रंग कैक वर्षे तग धरतात. यासाठी निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांची मोजपट्टी वापरतात. तिच्यातली प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण दुप्पट टिकते. त्यामुळे स्कार्फ किती दिवस मांडायचा हे ठरवण्याआधी त्यावर नेमका कोणता रंग आहे, हे ओळखणे आले.

इथे एका माणसाचे नाव आवर्जून घ्यायला हवे: कृष्णस्वामी वेंकटरामन. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, ते पहिले भारतीय संचालक. १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही पहिले भारतीय संचालक. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये निघाला, पुढे त्याचे आठ खंड झाले. रंग ओळखायचे कसे, यावरचा ग्रंथ त्यांनी १९७७ मध्ये संपादित केला. आपल्याकडे शतकानुशतके रेशीम रंगवणाऱ्या लाखेच्या लाल रंगातल्या लॅकेइक आम्लांची रचना पुण्यात त्यांच्याच गटाने उलगडली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांत यूडीसीटीचे पदवीधर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले. तरीही रसायनशास्त्राच्या वर्तुळाबाहेर वेंकटरामन हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, हा अन्याय आहे.

संग्रहालयातल्या पाटीवर डिझायनरचे नाव असते, रेशमाचे असते, वर्ष असते. रंगाचे नाव क्वचितच दिसते. ते लिहायला हवे; वस्तूचे आयुष्य त्यावर ठरते आणि पाहणाऱ्याला कमी दिव्यांचे कारणही कळते.

घरात आईचा छापील रेशमी स्कार्फ किंवा आजीची पैठणी असेल, तर ती खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात मांडू नका. धुतलेल्या, विनाखळीच्या सुती कापडात गुंडाळून अंधारात ठेवा, आणि पावसाळा सरला की सावलीतच वारा द्या.