जुन्या व्हॅनचा ब्रेकदिवा : दोष कसा शोधावा?

भाजीपाला, फळे, दूध इत्यादी नाशवंत माल बाजारपेठेत पोचविण्यासाठी अनेक शेतकरी जुन्या व्हॅनचा उपयोग करतात. ही वाहतूक बहुधा पहाटेच्या अंधारात होते. पुढील गाडीने ब्रेक लावला हे मागून येणाऱ्यास तिच्या तांबड्या दिव्यावरूनच कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. म्हणून हा दिवा न पेटल्यास मागील चालकाचा एक सेकंदाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

दिवा कसा पेटतो?

बॅटरीतील वीज फ्यूजमधून ब्रेक पेडलजवळील स्विचकडे येते व तेथून मागील दिव्यांकडे जाते. बहुतेक गाड्यांत स्विचला एक लहान दट्ट्या असतो. पेडल वर असताना त्याचा दांडा दट्ट्या आत दाबून ठेवतो व प्रवाह बंद राहतो. पेडल दाबताच दट्ट्या बाहेर येतो आणि दिवा पेटतो. काही जुन्या गाड्यांत हा स्विच ब्रेक तेलाच्या नळीवर बसविलेला असून तेलाच्या दाबाने चालतो.

तपासणीचा क्रम

प्रथम गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. नंतर एका माणसास मागे उभे करून पेडल दाबून पाहावे.

(१) *एकच दिवा पेटत नसल्यास* स्विच निर्दोष आहे असे समजावे. बल्ब, होल्डरमधील गंज व त्या बाजूची अर्थची तार तपासावी. पुष्कळ गाड्यांत एकाच बल्बमध्ये ५ वॅटची व २१ वॅटची अशा दोन तारा असतात. मागचा नेहमीचा दिवा पहिलीवर व ब्रेकदिवा दुसरीवर चालतो. म्हणून नेहमीचा दिवा पेटला तरी बल्ब चांगलाच आहे असे मानू नये.

(२) *ब्रेक दाबताच इतर दिवे मंद होत असल्यास* अर्थची जोडणी सैल किंवा गंजलेली असण्याचा संभव असतो. ती जागा घासून स्वच्छ करावी व जोडणी घट्ट आवळावी.

(३) *कोणताच ब्रेकदिवा पेटत नसल्यास* आधी फ्यूज पाहावा. तो जळला असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. त्याच्या जागी तार किंवा चांदीचा कागद घालू नये. त्याने तारा तापून गाडीस आग लागण्याचा धोका असतो. फ्यूज ठीक असल्यास किल्ली चालू करून १२ व्होल्टच्या तपासणीच्या दिव्याने स्विचच्या तारा पाहाव्यात. एका तारेत वीज येते, पण पेडल दाबूनही दुसरीत येत नाही, तर स्विच बिघडला आहे किंवा त्याची जागा सरकली आहे. दोन्ही तारांत वीज नसल्यास दोष फ्यूज व स्विच यांमधील तारेत असतो.

(४) *दिवा सतत पेटलेला राहिल्यास* पेडलची स्प्रिंग व दांड्यावरील रबरी बूच पाहावे. बूच झिजून पडले असता दट्ट्या त्या भोकात शिरतो व रात्रभरात बॅटरी उतरते.

स्विचची जागा बदलताना चेकनट सैल करून पेडल किंचित दाबताच दिवा पेटेल असे बेताचे अंतर ठेवावे. स्विच इतका पुढे आणू नये की पेडल पूर्ण वर येणार नाही. तसे झाल्यास ब्रेक घासत राहून तापतात. तेलाच्या दाबाचा स्विच गळत असल्यास तो मिस्त्रीकडूनच बदलून घ्यावा, कारण नळीत शिरलेली हवा काढावी लागते.

क्रूझ कंट्रोल असलेल्या व्हॅन

काही जुन्या व्हॅनमध्ये, विशेषतः परदेशी बनावटीच्या, वेग कायम राखणारी 'क्रूझ कंट्रोल' ही सोय असते. पेडल दाबताच ती सुटावी यासाठी तिचा संपर्कही ब्रेकच्या स्विचलाच जोडलेला असतो. त्यामुळे ब्रेकदिवा सतत पेटत असल्यास ही यंत्रणा लागू होत नाही. काही गाड्यांत दोन्ही ब्रेकबल्ब जळाले तरी ती बंद पडते. म्हणून ती चालत नसल्यास महागडे भाग बदलण्यापूर्वी ब्रेकदिवे पाहावेत. मात्र स्विच वगळून तारा परस्पर जोडू नयेत. तसे केल्यास ब्रेक दाबूनही यंत्रणा सुटणार नाही.

ग्रामसेवकांसाठी

ग्रामसेवकांनी बाजाराच्या आदल्या दिवशी गावातील गाड्यांची ही तपासणी करून दाखवावी. एकट्या चालकाने संध्याकाळी गाडीची मागील बाजू भिंतीकडे करून पेडल दाबावे. भिंतीवर तांबडा उजेड दिसला पाहिजे. गाडीत एक जादा बल्ब व दोन फ्यूज नेहमी बाळगावेत. त्यांचा खर्च अल्प आहे. त्यांनी टळणारी हानी मात्र फार मोठी असते.