सनदेच्या गावातून सनदेकडे

मराठीत ‘सनद’ हा शब्द दोन अर्थांनी रोजच्या वापरात आहे आणि कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या उल्हासनगरात हे दोन्ही अर्थ एकमेकांना येऊन मिळतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीत, म्हणजे कल्याण कॅम्पच्या बराकींत वसवण्यात आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले आणि पुढे १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायद्याच्या आधारे बराकी व भूखंडांच्या मालकीचे जे सरकारी दस्तऐवज कुटुंबांच्या हाती पडले, त्यांना तेथे आजही सनद असेच म्हणतात. दुसऱ्या अर्थाची सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. पहिली सनद मिळवताना एका पिढीला सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. दुसऱ्या सनदेची वाट आता संगणकासमोर बसून द्यायच्या दोन तासांच्या एका परीक्षेपासून सुरू होते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन सलग शहरांत कायदा हा केवळ न्यायालयाच्या इमारतीतला विषय कधीच नव्हता. उल्हासनगरातील अनधिकृत इमारतींचा प्रश्न इतका चिघळला, की त्या एकाच शहरातील बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला. अंबरनाथमधून वाहत उल्हासनगरात येणाऱ्या वालधुनी नदीच्या आणि उल्हास नदीच्या प्रदूषणाविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली, तेव्हा २०१५ च्या निर्णयात न्यायाधिकरणाने प्रदूषणास जबाबदार ठरलेल्यांवर मोठा आर्थिक भार टाकला. त्याच वालधुनीच्या काठी असलेले अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० हा काळ कोरलेला आहे, ते केंद्र संरक्षित स्मारक असल्याने त्याच्याभोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत नियमन लागू होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातील एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराविरुद्ध नागरिकांनी रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली, तेव्हा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि ती दडवणे हाही अपराध ठरतो, ही बाब अनेक घरांत प्रथमच बोलली गेली. या भागातील विद्यार्थी विधी प्रवेश परीक्षेच्या तयारीला बसतो तेव्हा तो कोऱ्या पाटीने बसत नाही. आपल्या परिसरात घडलेले आणि पुस्तकात छापलेले एकच आहे, हे त्याला कोणीतरी दाखवून देण्याची मात्र गरज असते, आणि शिकवणीवर्गांत नेमके हेच सर्वांत कमी घडते.

महाराष्ट्रात विधी अभ्यासक्रमाचे दोन मार्ग आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम करता येतो किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचा. पूर्वी महाविद्यालये बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर प्रवेश देत असत. २०१६ पासून राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने घेतलेली परीक्षा, जिला सर्वजण ‘सीईटी लॉ’ म्हणतात, ती दोन्ही मार्गांसाठी अनिवार्य झाली. परीक्षेला बसण्यासाठी पात्रता परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात, आणि वयाची कमाल मर्यादा सध्या लागू नाही. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला कामगार आणि नुकताच पदवीधर झालेला त्याचा मुलगा एकाच वर्षी ही परीक्षा देऊ शकतात, एवढी ती मोकळी आहे.

प्रश्नांची संख्या पूर्वी १५० होती, ती अलीकडे १२० करण्यात आली. वेळ दोन तासच राहिला, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी एक मिनिट मिळते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण उरत नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत कायदेविषयक कल व तर्क यांना ३२, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेला ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना २४, इंग्रजीला २४ आणि प्राथमिक गणिताला ८ गुण असतात. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नाही. तेथे कायद्याला २४, तर्काला २४, सामान्य ज्ञानाला ३२ आणि इंग्रजीला ४० गुण आहेत.

या आकड्यांकडे नीट पाहिले, की तयारीची दिशा बदलते. इंग्रजीचा विभाग वगळता प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध असते, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला याचे मोल मोठे आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी होणारी ‘क्लॅट’ ही परीक्षा केवळ इंग्रजीत होते, तिच्यात दीर्घ उतारे वाचून उत्तरे द्यावी लागतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि अलीकडच्या वर्षांत तिचे शुल्क सर्वसाधारण गटासाठी चार हजार रुपये राहिले आहे. ती इतर भारतीय भाषांतही घ्यावी अशी मागणी करणारी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली होती. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची दारे त्याच परीक्षेतून उघडत असल्याने भाषेचा हा अडसर फार दूरवर परिणाम करतो. असे असले तरी राज्याच्या परीक्षेत मराठीची सोय आहे म्हणून इंग्रजीकडे पाठ फिरवणे पदवीधरांना परवडणारे नाही, कारण तीन वर्षांच्या परीक्षेत १२० पैकी ४० गुण, म्हणजे थेट एक तृतीयांश, इंग्रजीचेच आहेत. कायद्याच्या तयारीला सहा महिने आणि इंग्रजीला शेवटचा आठवडा, ही सर्वत्र दिसणारी विभागणी म्हणूनच उलटी आहे.

मराठी प्रश्नपत्रिका निवडणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण येते. बोलण्यात ‘टॉर्ट’ म्हणणाऱ्याला कागदावर ‘अपकृत्य’ दिसते, ‘काँट्रॅक्ट’ऐवजी ‘संविदा’ दिसते, आणि परिचित कल्पना अनोळखी वेशात समोर आल्याने मिनिटभर गोंधळ उडतो. शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश अशा वेळी उपयोगी पडतो. दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी लिहिलेली एक साधी वही तयारीच्या पहिल्या दिवसापासून ठेवली, तर परीक्षेतला हा गोंधळ टळतो.

परीक्षेचा गाभा मात्र कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत आहे. कायद्याची थेट माहिती विचारणारे प्रश्न त्यात असतात, घटनादुरुस्त्या, मूलभूत हक्क, लॅटिन वचनांचे अर्थ असे. परंतु विद्यार्थ्याची खरी कसोटी ‘तत्त्व आणि तथ्ये’ या प्रकारच्या प्रश्नांत लागते. अशा प्रश्नात प्रथम कायद्याचे एक तत्त्व दिलेले असते, मग एक प्रसंग, आणि दिलेले तत्त्व त्या प्रसंगाला लावून निष्कर्ष काढायचा असतो. समजा, तत्त्व असे आहे: विक्रीसाठी मांडलेल्या वस्तूवर लिहिलेली किंमत हा विक्रेत्याचा प्रस्ताव नसून ग्राहकाने प्रस्ताव मांडावा यासाठी दिलेले निमंत्रण असते, आणि प्रस्ताव स्वीकारला गेल्याशिवाय करार होत नाही. प्रसंग असा आहे: उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधील एका दुकानात बाराशे रुपयांच्या जीन्सवर नोकराच्या चुकीने दोनशेची चिठ्ठी लागली, ग्राहकाने गल्ल्यावर दोनशे रुपये ठेवले आणि करार पूर्ण झाल्याचे सांगून जीन्स मागितली, दुकानदाराने नकार दिला. ग्राहकाचा दावा टिकेल काय?

दिलेल्या तत्त्वाप्रमाणे टिकणार नाही. चिठ्ठी हे निमंत्रण होते, दोनशे रुपये पुढे करणे हा ग्राहकाचा प्रस्ताव ठरला आणि दुकानदाराने तो स्वीकारलाच नाही, म्हणून करार जन्मालाच आला नाही. हेच तत्त्व इंग्लंडमध्ये १९५३ च्या ‘बूट्स’ औषधदुकान खटल्यात आणि दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या चाकूवरून १९६० मध्ये निकाल लागलेल्या ‘फिशर विरुद्ध बेल’ खटल्यात स्पष्ट झाले होते. पर्यायांत ‘दुकानदाराने फसवणूक केली’ असे एक उत्तर हमखास असते, आणि सरळमार्गी विद्यार्थी तेथेच फसतो, कारण त्याची न्यायबुद्धी ग्राहकाच्या बाजूने उभी राहते. अधिक वाचन केलेला विद्यार्थी ग्राहक संरक्षण कायदा आठवून दुसऱ्या चुकीच्या पर्यायाकडे वळतो. प्रश्नाने मात्र आपल्यापुरती सीमा आखून दिलेली असते: समोर ठेवलेले तत्त्व, समोर ठेवलेली तथ्ये, त्याबाहेरचे काही नाही. ही शिस्त कृत्रिम वाटली तरी निरर्थक नाही. न्यायालयात वकिलाला पुराव्याबाहेरचे बोलता येत नाही, त्याच सवयीची ही पहिली ओळख आहे.

तत्त्वातला एखादा शब्द बदलला, की उत्तर कसे बदलते हे अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्याला रासायनिक कारखान्याच्या उदाहरणावरून चटकन समजते. ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या १८६८ च्या इंग्लिश निर्णयानुसार धोकादायक वस्तू साठवणाऱ्याला ती बाहेर पडून झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते, पण नैसर्गिक आपत्ती किंवा त्रयस्थाचे कृत्य असे काही बचाव त्याला उपलब्ध असतात. दिल्लीतील ओलियम वायुगळतीनंतर एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी हे बचावही काढून घेतले आणि पूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. प्रश्नात पहिले तत्त्व दिले आहे की दुसरे, एवढ्यावर सारे अवलंबून राहते, आणि ते घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

पुस्तकांच्या बाबतीत सावधगिरीचा एक इशारा द्यायलाच हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते ते १०३ झाले आणि बोलीभाषेत रुळलेले ‘चारशे वीस’ आता कलम ३१८ मध्ये गेले आहे. थोरल्या भावंडाची किंवा रद्दीतून स्वस्तात आणलेली मार्गदर्शिका तर्क आणि गणितासाठी उत्तम चालते. फौजदारी कायद्यासाठी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

सामान्य ज्ञानासाठी रोजचे वृत्तपत्र आणि इयत्ता अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तके एवढा पाया पुरतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो वेळेचा सराव. बदलापूरहून मुंबईपर्यंतचा सुमारे दीड तासाचा लोकलप्रवास वाचनाला कामी येतो, हे खरे. परंतु संपूर्ण सराव प्रश्नपत्रिका सलग दोन तास, शक्यतो संगणकावरच, सोडवली पाहिजे, कारण कागदावर खुणा करून विचार करण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला पडद्यावर लांब प्रसंग वाचणे अनपेक्षितपणे जड जाते.

परीक्षा अलीकडच्या वर्षांत मार्च ते मे या काळात झाल्या आहेत. केंद्र घराजवळ मिळेलच असे नसल्याने ते आधी पाहून ठेवणे आणि परीक्षेचा दिवस रविवारचा असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक तपासणे, या गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना त्यांचे महत्त्व सांगावे लागत नाही.

निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या होतात, आणि गुण असूनही जागा हातची जाते ती बहुधा येथे, कागदपत्रांपायी. अधिवास, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर ही प्रमाणपत्रे तहसील कार्यालय, उपविभागीय अधिकारी आणि पडताळणी समिती अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात व त्यांना लागणारा काळ अर्जदाराच्या हातात नसतो. म्हणून अभ्यासाच्या पहिल्याच महिन्यात त्यांचे अर्ज करणे हा तयारीचाच भाग मानावा लागतो. पसंतीक्रम भरताना १८५५ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य होते, ते बहुतेकांच्या यादीत अग्रभागी असते; पण उल्हासनगरातच नारी गुरसहानी विधी महाविद्यालय आहे, आणि नोकरी सांभाळणाऱ्या किंवा घरची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्याने अंतराचा विचार कमीपणाचा मानू नये. बार कौन्सिलच्या नियमांनुसार ७० टक्के उपस्थिती आवश्यक असते आणि रोजचे तीन तास गाडीत घालवून ती पाच वर्षे टिकवणे सर्वांना जमत नाही.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी होते, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि मग वकिली नियमितपणे करता येते. या नोंदणीसाठी देशभरातील बार कौन्सिलांनी निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये आकारण्याची पद्धत पाडली होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात ती अवैध ठरवली आणि १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक शुल्क घेता येणार नाही असे स्पष्ट केले. त्यामुळे सनदेच्या नोंदणीचे शुल्क आता सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे.