पाहुणे गेल्यावर खरी मीटिंग सुरू होते

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी आमच्या इंजिनिअरिंग क्लबच्या मीटिंगला जातो. त्यावर एका मित्राने विचारलं, "अरे, लेक्चर ऐकायला पुण्याच्या ट्रॅफिकमधून एवढा जातोस कशाला? यूट्यूबवर फुकट मिळतं की."

प्रश्न रास्त आहे. लेक्चर यूट्यूबवर मिळतं, आणि खरं सांगू का, बऱ्याचदा आमच्याकडच्यापेक्षा बरं मिळतं. मग जायचं कशासाठी? हे समजायला आपण जरा पन्नास वर्षं मागे जाऊ, थेट कॅलिफोर्नियात.

५ मार्च १९७५. मेन्लो पार्क गावात गॉर्डन फ्रेंच नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी लोक जमले. नुकताच अल्टेअर ८८०० नावाचा कॉम्प्युटर किटच्या रूपात बाजारात आला होता. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, समोर नुसती बटणं आणि दिवे. मेमरी किती? २५६ बाइट. आज आपला एखादा लांबलचक व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही त्यात मावायचा नाही. या यंत्राचं करायचं काय, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून सगळे जमले. हाच पुढे होमब्रू कॉम्प्युटर क्लब झाला.

त्या पहिल्या मीटिंगला स्टीव्ह वॉझनियॅक होता. वय २४, नोकरी कॅल्क्युलेटर डिझाइन करायची. त्याला वाटलं होतं की तिथे टीव्हीला जोडायच्या टर्मिनलबद्दल बोलणार. बघतो तर सगळे मायक्रोप्रोसेसरवर बोलताहेत आणि त्याला त्यातलं काहीच ठाऊक नाही. तो बिचकला. पण एका प्रोसेसरची माहिती देणारा कागद तिथे मिळाला, तो घेऊन घरी गेला. पुढे त्यातून जो कॉम्प्युटर उभा राहिला, त्याची सर्किटं तो क्लबमध्ये फुकट वाटायचा. तो कॉम्प्युटर म्हणजे अ‍ॅपल वन.

ही गोष्ट अनेकांना माहीत असते. मला जास्त आवडतो तो मीटिंगचा साचा. क्लब वाढला, मीटिंग स्टॅनफर्डच्या लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर सेंटरच्या सभागृहात भरू लागली, तेव्हा ली फेल्सनस्टाइन ती चालवायचा. सुरुवातीला 'मॅपिंग'. म्हणजे हात वर करायचा, उभं राहायचं आणि माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय, कुठे अडलंय ते सांगायचं. कोण कशात आहे याचा नकाशाच तयार व्हायचा. मग एखादं व्याख्यान किंवा डेमो. आणि शेवटी 'रँडम अ‍ॅक्सेस', म्हणजे खुर्च्या सोडा आणि मघाशी ज्याचं बोलणं ऐकलंत त्याला जाऊन गाठा.

आता बघा, व्याख्यान मधे आहे. आधीचं आणि नंतरचं काढून टाकलं तर जे उरतं, तेच यूट्यूबवर असतं.

डेमोही कसे असायचे! स्टीव्ह डॉम्पिअरने अल्टेअरवर साधा रेडिओ ठेवला आणि त्यातून बीटल्सचं एक गाणं वाजवून दाखवलं. कॉम्प्युटरला स्पीकर नव्हता. प्रोग्रॅम चालताना सर्किटमधून विद्युतचुंबकीय लहरी बाहेर पडतात आणि जवळचा रेडिओ खरखरतो. कोणता लूप किती वेळ फिरवायचा ते ठरवून त्याने त्या खरखरीचे सूर केले. गंमत म्हणजे आधी कुणाचा तरी पाय वायरला अडकला, वीज गेली आणि मेमरी पुसली गेली. पठ्ठ्याने सगळा प्रोग्रॅम पुन्हा एकेक बटण दाबत भरला, आणि लोक थांबले.

आता आमच्याकडे येतो. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एक बग माझ्या मानगुटीवर बसला होता. दोन सर्व्हर. एक लॉगिनचं टोकन द्यायचा, दुसरा ते तपासायचा. मधूनच दुसरा म्हणायचा, टोकन वैध नाही. पुन्हा प्रयत्न केला की चालायचं! नऊ दिवस मी कोड वाचत होतो. मॅनेजरने रोजच्या कॉलवर माझं नाव घेतलं की पोटात गोळा यायचा. आपल्याला हे काम जमत नाही, असंच वाटायला लागलं होतं.

त्या शनिवारी पाहुणे क्लाउडवर बोलले. छान बोलले, पण आज मला एक स्लाइड आठवत नाही. नंतर चहाच्या वेळी मी रडगाणं गात होतो. शेजारी एक निवृत्त काका होते. त्यांचं आयुष्य भोसरीतल्या कारखान्यात पीएलसी, म्हणजे मशिन चालवणारे कंट्रोलर, जोडण्यात गेलेलं. टोकन म्हणजे काय ते त्यांना मलाच समजावून सांगावं लागलं. ऐकून ते म्हणाले, "अरे, दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळतात का, बघितलंस?"

नव्हतं बघितलं. टोकनवर ते कधीपासून वैध आहे ती वेळ लिहिलेली असते. तपासणाऱ्या सर्व्हरचं घड्याळ ४० सेकंद मागे होतं. त्याच्या लेखी टोकन अजून जन्मालाच आलं नव्हतं! घड्याळं जुळवणारी सेवा त्या मशिनवर बंद पडली होती. सोमवारी दहा मिनिटांत काम झालं.

काकांना टोकन माहीत नव्हतं, पण दोन यंत्रं भांडायला लागली की आधी काय बघायचं ते माहीत होतं. मी सर्च करताना 'टोकन' टाकत होतो, 'घड्याळ' नाही.

आता मी आयोजकांपैकी एक आहे, आणि आमची भांडणं वेगळी आहेत. पाहुणे मोठे असले की गर्दी होते. पण मग ते दीड तास बोलतात, त्यातला अर्धा तास कंपनीत भरती सुरू असल्याचं सांगतात आणि हॉल रिकामा करायची वेळ होते. चहा थेट फाटकाबाहेर. अशा तीन मीटिंगांनंतर काका यायचे बंद झाले.

म्हणून या महिन्यापासून पाहुण्यांना ४० मिनिटं, आणि एक विनंती: तुमचं फसलेलं एखादं काम घेऊन या. एकाने नकार दिला. दुसऱ्या बाई आनंदाने हो म्हणाल्या, जळलेलं सर्किट बोर्डच आणते म्हणाल्या. सुरुवातीची २० मिनिटं 'माझं अडलंय' यासाठी. पहिल्यांदा उभं कोण राहणार, यावर सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी मीच हात वर केलाय.

काकांना फोन केला होता. "चहा आत असेल तर येतो," म्हणाले.