हस्ताक्षर ते वस्त्र : देवनागरी सुलेखनाचे परिधान-कलेतील रूपांतर

प्रस्तावना

आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूर व मंगळवेढा परिसरात 'विठ्ठल', 'माउली' अशी अक्षरे मिरविणारे सदरे, उपरणी व टी-शर्ट मोठ्या प्रमाणावर दिसतात. त्यांतील काही अक्षरे संगणकातील ठरावीक टंकातून घेतलेली असतात, तर काही एखाद्या सुलेखनकाराच्या हातून उतरलेली असतात. टंकातील प्रत्येक 'ठ' सारखाच असतो. हाताने लिहिलेला 'ठ' मात्र त्या क्षणाचा दाब, वेग आणि शाईचा ओलावा घेऊन येतो. हे वेगळेपण कापडावर कितपत टिकते आणि त्यावर अधिकार कोणाचा राहतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

वस्त्रावर अक्षर धारण करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. रामनामाने भरलेली उपरणी तीर्थक्षेत्री पूर्वापार वापरली जातात. छत्तीसगडमधील रामनामी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रामनाम वस्त्रावर लिहिले आणि अंगावर गोंदविले. मंदिराची दारे ज्यांना बंद होती, त्यांनी देवाचे नाव देहावरच वागविले. संत चोखामेळ्यांच्या मंगळवेढ्यात याचा अर्थ निराळा सांगण्याची गरज नाही. वस्त्रावरील अक्षर हे केवळ अलंकरण नसते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आधुनिक काळात र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी देवनागरी अक्षराचा विचार सुलेखन व संगणकीय टंक या दोन्ही अंगांनी केला. अच्युत पालव यांनी मोडी लिपीच्या अभ्यासातून सुलेखनाला नवे वळण दिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा प्रयत्नांमुळे अक्षर हे स्वतंत्र दृश्यरूप आहे, ही जाणीव मराठी समाजात रुजली.

रूपांतराची तंत्रे

१) प्रत्यक्ष लेखन : कोऱ्या कापडातील खळ प्रथम धुऊन काढावी लागते, अन्यथा रंग धाग्यात मुरत नाही. कापड चौकटीवर ताणून बसवितात. बोरूचे टोक विणीत अडकत असल्याने चपटा कुंचला सोयीचा ठरतो. पातळ रंग ताण्या-बाण्याच्या वाटेने पसरतो व अक्षराची कड फुटते. म्हणून रंग दाट ठेवावा लागतो. वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवून तो पक्का करतात. या पद्धतीत हाताची खूण सर्वाधिक टिकते. मात्र प्रत्येक वस्त्र एकमेव असल्याने किंमत वाढते.

२) ठसा : लाकडी ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते. येथे सुलेखनकाराच्या हाताला कोरणाऱ्याच्या हाताची जोड मिळते. रफार, वेलांटी यांची बारीक टोके झिजतात, तर अरुंद पोकळ्यांत रंग साचतो.

३) स्क्रीन प्रिंटिंग : प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी लागते. कोरड्या कुंचल्याच्या फटकाऱ्यातील विरळ रेषा जाळी बारीक असेल तरच उतरतात. जाड जाळीत फटकाऱ्याचा केवळ डाग उरतो.

४) विणकाम : सोलापूरची चादर जकार्ड मागावर विणली जाते. या तंत्रात अक्षर चौकटीच्या कागदावर मांडून, कोणता ताणा केव्हा उचलायचा हे ठरवावे लागते. त्यामुळे 'अ'ची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची होते. येथे अक्षर नव्याने रचावे लागते, त्याची केवळ नक्कल करून भागत नाही.

याशिवाय देहाचाही विचार करावा लागतो. कागदावर सरळ असलेली शिरोरेषा खांद्यावर वाकते. साडीच्या निऱ्यांत लिहिलेले अक्षर दडून जाते, तर पदरावर ते पूर्ण उलगडते. म्हणून शिवायच्या वस्त्रावर बेतणीच्या खुणा आधी करून मगच लेखन करणे योग्य होय. नाहीतर काना एका तुकड्यावर आणि मात्रा दुसऱ्यावर जाते.

स्वामित्वाचा प्रश्न

कागदावरील सुलेखन ही कलाकृती असून तिला स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ चे संरक्षण आहे. तथापि, या अधिनियमाच्या कलम १५(२) नुसार, नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या संकल्पचित्राच्या वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा काढल्या की त्या संकल्पचित्रातील स्वामित्व हक्क संपुष्टात येतो. मायक्रोफायबर्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गृहसजावटीच्या कापडावरील नक्षीला हाच नियम लावला. मूळ चित्राचा हक्क मात्र स्वतंत्रपणे शिल्लक राहतो, हेही त्या निर्णयाने स्पष्ट केले.

वारीसाठी शंभर टी-शर्ट छापून घेणाऱ्या तरुण कलावंताला या नियमाची कल्पना असतेच असे नाही. संकल्पचित्र अधिनियम, २००० अन्वये नोंदणी केल्यास प्रथम दहा व नंतर पाच असे एकूण पंधरा वर्षे संरक्षण मिळते. परंतु संकल्पचित्र लोकांसमोर येण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो. अर्थात 'विठ्ठल' या शब्दावर कोणाचाच एकाधिकार असू शकत नाही. लिहिणाऱ्याचे असते ते त्या शब्दाला दिलेले वळण.

निष्कर्ष

सुलेखन कागदावरून वस्त्रावर जाताना तंत्रानुसार त्यातील हात कमी-अधिक प्रमाणात हरवतो. म्हणून तंत्राची निवड अक्षराच्या स्वभावानुसार व्हावी. फटकारा कुंचल्याला द्यावा, ठसठशीत अक्षर ठशाला द्यावे, आणि मागासाठी ते मुळापासून नव्याने रचावे. महाविद्यालयांतून सुलेखन कार्यशाळा घेताना लेखनासोबत कापडाची ओळख आणि नोंदणीची माहिती देणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याला सुंदर अक्षर शिकवून त्यावरील त्याचा हक्क सांगायचा राहून गेला, तर आपले अध्यापन अपुरेच म्हणावे लागेल.