वनप्रांतांतील मोटार आणि तिचा शाफ्ट

बल्लारपूर हें कागदाच्या गिरणीचें आणि सागवानाच्या मोठ्या आगाराचें गांव. तेथून कोठारी, गोंडपिपरी, आष्टी या वाटेनें आलापल्लीकडे निघालेल्या प्रवाशाला मोटारीच्या अंतरंगाची आठवणही होत नाहीं. पक्की सडक सुटून दगडगोट्यांची वाट लागली, एखादा नाला ओलांडला, आणि गाडीच्या पोटाखालून 'खट्ट' असा आवाज आला, म्हणजे ती होते. इंजिन चालू असतें, पण चाकें फिरत नाहींत. भामरागडकडील मुलखांत पर्लकोटेच्या पुरानें पावसाळ्यांत वाट कितीदां तरी बंद पडली आहे, आणि आजाऱ्याला खाटेवर घालून नेण्याचे प्रसंगही तेथें नवे नाहींत. अशा ठिकाणीं तो आवाज केवळ गैरसोयीचा नसतो.

पुष्कळदां तो प्रोपेलर शाफ्टचा असतो. गिअरबॉक्सपासून आसापर्यंत इंजिनाची शक्ति नेणारी ही पोलादी नळी. चारही चाकांना गति देणाऱ्या जीपजातीच्या गाडीला असे दोन शाफ्ट असतात. दुसऱ्या महायुद्धांत नांवारूपाला आलेली ही जीप महिंद्र मंडळीनें 1947 सालीं हिंदुस्थानांत आणली. तेव्हांपासून या भागाची मूळ रचना फारशी पालटलेली नाहीं. आस स्प्रिंगांवर खालींवर होतो, गिअरबॉक्स मात्र जागेवरच असतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांस वळणारे सांधे असतात व शिवाय लांबी कमीअधिक होऊं देणारा खांचांचा सरकता सांधा असतो. टोकाच्या सांध्यांत अधिकचिन्हासारखा जो पोलादी तुकडा असतो, त्याला कारागीर 'क्रॉस' म्हणतात. सोळाव्या शतकांतील इटालियन विद्वान कार्दानो याचें नांव या सांध्याला चिकटलें आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनें त्याचा अभ्यास केला.

या सांध्याचा एक स्वभावदोष आहे. तो वाकलेला असतांना एका बाजूस गति सारखी असली, तरी दुसऱ्या बाजूस ती प्रत्येक फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. 10 अंशांच्या बांकाला हा फरक दीड टक्क्याचा. 30 अंशांच्या बांकाला तो 13 ते 15 टक्क्यांपर्यंत जातो. दोन्ही टोकांचे बांक सारखे असले आणि दोन्ही टोकांचे कांटे एका पातळींत बसविले असले, तरच एकाचा दोष दुसरा फेडतो. गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगा बदलणाऱ्या हौशी मालकाला हें कोणी सांगत नाहीं. बांक वाढतो, गाडी थरथरूं लागते आणि क्रॉस लवकर झिजतो.

म्हणून बाजारांतून दुसरा शाफ्ट घेतांना प्रथम जाडी नव्हे, माप पाहावें. गाडी सपाट जमिनीवर आपल्या चाकांवर उभी करून दोन्ही फ्लँजांमधील अंतर मोजावें. आस पूर्ण वर आला असतां सरकत्या सांध्यांत थोडी जागा उरली पाहिजे. तो पूर्ण खालीं गेला असतां खांचा एकमेकींत पुरेशा अडकलेल्या राहिल्या पाहिजेत. लांब शाफ्ट खड्ड्यांत गिअरबॉक्सला धडक देतो. आंखूड शाफ्ट सुटून येतो. नळी सरळ व तोललेली असावी. तिच्यावर चिकटविलेले लहान पत्र्याचे तुकडे तोलासाठींच असतात, ते काढूं नयेत. अतिशय जाड शाफ्टचा मोहही आवरावा. तो तुटला नाहीं, तर तोच ताण डिफरन्शिअलच्या दांत्यांवर जातो. शाफ्ट वाटेंत बदलतां येतो, दांते बदलतां येत नाहींत.

निगा अगदीं साधी आहे. पाण्यांतून गाडी काढल्यावर चिखल धुवावा आणि क्रॉसच्या चारही टोप्यांतून जुनें ग्रीस बाहेर येईपर्यंत नवें भरावें. सरकत्या सांध्यालाही तें द्यावें. नळीला गुंडाळलेल्या वेली व तारा सोडवाव्यात. चाकांना अडसर लावून, इंजिन बंद ठेवून, गिअर काढून शाफ्ट हातानें हलवून पाहावा. सांधा खडखडला, तर क्रॉस बदलावा. टोपीभोंवतीं तांबूस भुकटी दिसणें, मंद चालींत चिवचिव ऐकूं येणें हीं कोरड्या सांध्याचीं लक्षणें होत. शाफ्ट सोडविण्यापूर्वी दोन्ही अर्ध्यांवर खूण करावी. एरवीं कांटे भलत्या पातळींत बसतात.

लांबच्या वनप्रवासांत एक जादा क्रॉस, त्याच्या सर्क्लिप आणि योग्य मापाचे पाने बरोबर असावेत. मागचा शाफ्टच तुटला, तर दोन्ही टोकांस बोल्ट असलेल्या गाडींत तो काढून ठेवून पुढच्या चाकांच्या बळावर सावकाश गांव गाठतां येतें. मूठभर ग्रीस आणि थोडी मोजणी यांवर कधीं कधीं पुढच्या गांवीं वाट पाहणाऱ्या आजाऱ्याची घटका अवलंबून असते.